अतितात्काळ प्रश्नमंजुषा

सर, मॅडम, ग्रुपवर टपाल पडलंय. वर ‘अतितात्काळ’ लिहिलंय, म्हणजे ते आठवडाभर कुणाच्या तरी टेबलावर निवांत पडून होतं. उद्या सकाळी अकरापर्यंत ऑनलाइन प्रश्नमंजुषा तयार करून लिंक केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर टाकायची, पाचपर्यंत सहभागी विद्यार्थ्यांची संख्या कळवायची, निरंक, म्हणजे शून्य संख्येचा, अहवाल स्वीकारला जाणार नाही. नाशिक जिल्ह्यात तुम्ही पंचवटीत असा की पेठमध्ये, सिडकोत असा की सुरगाण्यात, टपाल सगळ्यांना सारखंच लागू. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम आला, तेव्हा तंत्रस्नेही शिक्षक म्हणून हौसेनं यादीत नाव कुणी दिलं होतं? मग आता वेग वाढवा. कसा, ते सांगतो.

पहिली गोष्ट, प्रश्न काढायला बसू नका. नवखे शिक्षक तिथंच अडकतात. गेल्या वर्षीचा गूगल फॉर्म उघडा, त्याची प्रत काढा, शीर्षक बदला, वरची पट्टी निळ्याची हिरवी करा. झालं काम. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन, हे दोन दिवस लागोपाठ येतात त्यामागे शिक्षकांच्या सोयीचाच विचार असणार. एकाच फॉर्मात दोन्ही दिन उरकतात. विज्ञान दिनाच्या प्रश्नमंजुषेत ‘कुसुमाग्रजांचे मूळ नाव काय?’ हा प्रश्न चुकून राहिला तरी घाबरू नका. नाशिकची मुलं आहेत, तेवढं एक उत्तर तरी बरोबर येईल आणि सरासरी वाढेल.

स्वतःचा जुना फॉर्म नसेल तर सहकाऱ्याचा घ्या. गूगल फॉर्मच्या कडेला जी उभी पट्टी असते, तिच्यात प्रश्न आयात करायचं बटण आहे. ज्या फॉर्मचा तुम्हाला प्रवेश आहे, त्यातले प्रश्न टिक करून उचलता येतात. बंगळुरूत जन्मलेलं ते प्रश्नमंजुषांचं संकेतस्थळ क्विझीझ (२०२५ मध्ये त्याचं नाव वेग्राउंड झालं, पण आपल्या ग्रुपवर अजून क्विझीझच आहे), तिथं तर जगभरच्या शिक्षकांनी केलेल्या प्रश्नमंजुषा उघड्यावर ठेवलेल्या असतात. शोधा, उचला, आपलं नाव घाला. महाविद्यालयात असाल आणि मूडल ही ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली वापरत असाल, तर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये प्रश्न ठरलेल्या साच्यात लिहून एका दमात शंभर प्रश्न आत ढकलता येतात. पण महाविद्यालयात असाल तर घाई तुम्हाला कुठली आलीय म्हणा.

जुन्या प्रश्नपेढीवर मात्र विश्वास ठेवू नका. ती श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. कॉपी करून फॉर्ममध्ये डकवली की ‘गोदावरी’च्या जागी डॉलर, उद्गारचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची दंगल उसळते. त्यावर जालीम उपाय आहे. स्क्रीनचा फोटो काढा, गूगल लेन्समधून मजकूर उचला. ‘ख’चा ‘रव’ होईल, एखादी वेलांटी गळेल. तेवढं चालवून घ्या. मुलं व्हॉट्सअॅपवर वाढलीयत, त्यांना ते वाचता येतं.

आता खरी जादू. पाठाचा फोटो चॅटबॉटला द्या आणि म्हणा, ‘यावर वीस बहुपर्यायी प्रश्न मराठीत दे, उत्तरसूचीसह.’ आणखी पुढे जायचं असेल तर म्हणा, ‘यांचा गूगल फॉर्म बनवणारी अॅप्स स्क्रिप्ट (गूगलमध्येच चालणारा छोटा प्रोग्रॅम) लिहून दे.’ ती स्क्रिप्ट डकवायची, चालवायची, परवानगी द्यायची. चहा कपात ओतेपर्यंत गुणांसकट, उत्तरसूचीसकट फॉर्म हजर. हे अगदी खरं आहे, करून बघा. फक्त पुढची पायरी गाळा. पुढची पायरी म्हणजे उत्तरसूची तपासणं. तपासायला बसलात तर वेग मेला. समजा त्यानं गोदावरीचा उगम त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून उचलून महाबळेश्वरला नेऊन ठेवला, तर ठेवू दे. तिकडे कृष्णेलाही सोबत हवी. चाळीस मुलांनी ब्रह्मगिरी लिहिलं आणि चाळीसही जण चुकीचे ठरले, तर अहवालात ‘प्रश्नांची काठिण्यपातळी उच्च’ असं लिहायला एक मुद्दा मिळतो.

पर्याय टाइप करताना एक युक्ती सांगून ठेवतो, ही मनापासून. चार पर्याय एकाखाली एक लिहून पहिल्या पर्यायाच्या चौकटीत एकदम डकवले की फॉर्म त्यांचे आपोआप चार पर्याय करतो. एकेक लिहीत बसायची गरज नाही. आता वाचलेला वेळ चुकीचे पर्याय विचारपूर्वक निवडण्यात घालवाल, तर तुमच्यासारखे तुम्हीच. चुकीचा पर्याय असा हवा की त्याला कुणी हातही लावू नये. ‘दादासाहेब फाळके यांचा जन्म कुठे झाला? त्र्यंबकेश्वर, लंडन, टोकियो, वरीलपैकी सर्व.’ मुलानं खरंच गोंधळावं, असा पर्याय शोधायचा तर मूल नेमकं कुठं गोंधळतं ते ठाऊक असावं लागतं, आणि ते ठाऊक होण्यासाठी त्याच्या शेजारी बसावं लागतं. तुम्ही बसलेले असता पोर्टलसमोर. आणि हो, पर्यायांचा क्रम आपोआप बदलण्याची सोय चालू करायला विसरू नका. मग ‘वरीलपैकी सर्व’ सगळ्यात वर येतं आणि मुलं वर बघतात, तर तिथं फक्त छत असतं.

लघुत्तरी प्रश्न टाकायचा मोह झाला तर आवरा. उत्तरसूचीत तुम्ही ‘१९३०’ लिहिलंय आणि मुलानं मोबाईलच्या इंग्रजी कळफलकावरून तेच साल टाकलं की शून्य. ‘गोदावरी’च्या जागी ‘गोदावरी नदी’ लिहिलं, शून्य. यंत्र अक्षराला अक्षर जुळवतं. आपल्यासारखं ‘चल, कळलं तुला’ म्हणत नाही. स्वीकारार्ह उत्तरं एकापेक्षा जास्त भरता येतात, पण त्यासाठी मुलं काय काय लिहितील याचा विचार करावा लागतो, आणि विचार हा आजच्या टपालाचा विषय नाही.

गुणांची चौकट बघून घ्या. प्रत्येक प्रश्नाला मुळात शून्य गुण ठेवलेले असतात. ते न बदलता लिंक टाकलीत, तर सगळ्या मुलांना ० पैकी ० मिळतात. निकाल वादातीत लागतो. पालकांचा फोनही येत नाही.

दुसरं, निकाल लगेच दाखवा. फॉर्म पाठवला की गुण, आणि सोबत बरोबर उत्तरंही. एका व्यक्तीला एकच प्रतिसाद ही अट मात्र घालू नका. त्यासाठी गूगल खात्यातून आत यावं लागतं आणि वर्गातल्या निम्म्या मुलांचं खातं म्हणजे बाबांचं खातं. बाबा अंबडला किंवा सातपूरला कंपनीत, मोबाईल त्यांच्या खिशात, ते सेकंड शिफ्ट करून मध्यरात्री घरी येणार. अट काढली की सोपं होतं. मूल एकदा भरतं, बरोबर उत्तरं बघतं, पुन्हा भरतं, दहापैकी दहा. शेजारचा बंड्याही त्याच मोबाईलवर भरतो. आजीही भरते. संध्याकाळी पाच वाजता ‘सहभागी विद्यार्थी’ वर्गाच्या पटापेक्षा जास्त निघतात आणि केंद्रप्रमुख अंगठा दाखवतात. वरचा.

प्रमाणपत्राशिवाय प्रश्नमंजुषा म्हणजे शेव नसलेली मिसळ. लॉकडाऊनमध्ये आपण सगळे याच प्रमाणपत्रांवर जगलो. तेव्हा ई-प्रमाणपत्राचं अॅड-ऑन जोडा आणि अट ठेवा ४० टक्के. गणिताचे सर असाल तर हिशेब करून बघा. दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, डोळे मिटून बोट ठेवलं तरी चार किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता २२ टक्क्यांच्या आसपास आहे. उत्तरं न दाखवताही पाच वेळा भरू दिलं, तर निदान एकदा ४० टक्के गाठण्याची शक्यता ७२ टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे प्रश्न न वाचता, मराठी न येता, चारातली जवळपास तीन मुलं ‘उल्लेखनीय यशाबद्दल हार्दिक अभिनंदन’ घेऊन जातात. एवढा निकाल शिकवून लावून दाखवा बरं!

एक अडचण आहे. साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्टमार्फत दिवसाला १०० जणांनाच मेल जातो. म्हणून लिंकखाली लिहून टाका: ‘आज पहिल्या १०० स्पर्धकांनाच प्रमाणपत्र मिळेल, त्वरा करा.’ कॉलेज रोडच्या मुलांनी सकाळी साडेअकरालाच शंभरी भरून टाकलेली असते. हरसूलकडचं एखादं पोर टेकडीवर चढून रेंज पकडेपर्यंत दुपार होते. त्यानं दहाच्या दहा प्रश्न स्वतः सोडवलेले असतात, पण ते शंभरात नाही. नियम म्हणजे नियम.

काही जण अजूनही खोलातले प्रश्न विचारतात. त्यांना आवरायला हवं. ‘काळाराम मंदिर सत्याग्रह कोणत्या वर्षी सुरू झाला?’ हा उत्तम प्रश्न आहे, १९३० वर टिक, गुण एक. पण एखाद्या बाईंना सुचतं: ‘सत्याग्रह सुरू होऊन पाच वर्षं उलटली तरी दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा तिथं बसलेल्या माणसाला काय वाटलं असेल? पाच ओळी लिहा.’ दोन्ही गावं आपल्याच जिल्ह्यातली, मुलं सहलीला जाऊन आलेली. आणि सातवीतली एखादी मुलगी खरंच लिहिते. पाच नाही, पंधरा ओळी. त्यातल्या दोन अशा असतात की वाचून बाई गप्प बसतात. आता याचे गुण फॉर्म कसे देणार? ते बाईंनीच वाचून द्यायचे. चाळीस मुलांचं वाचायचं म्हणजे रविवार गेला. शिवाय ‘सहभागी संख्या’ या रकान्यात त्या पंधरा ओळी मावत नाहीत.

बहुपर्यायी प्रश्नाचा शोधच मुळी शिक्षकांचा वेळ वाचावा म्हणून लागला. अमेरिकेत कॅन्ससला फ्रेडरिक केली नावाच्या गृहस्थांनी १९१४-१५ च्या सुमारास तसली चाचणी तयार केली; तपासणी झटपट व्हावी आणि एकाच उत्तराला दोन शिक्षकांनी वेगवेगळे गुण देऊ नयेत, हा हेतू. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ शिक्षकांचा वेळ वाचतोय. तो साठतो कुठं, एवढंच अजून कळलेलं नाही. आपल्याकडचा बहुधा पोषण आहाराच्या रोजच्या नोंदीत, यूडायसमध्ये (शाळांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल), आधार पडताळणीत आणि बीएलओच्या, म्हणजे मतदार याद्यांच्या, कामात साठत असावा.

चाचणीनं मुलं खरंच शिकतात, असं म्हणणारेही आहेत, त्यांच्या नादी लागू नका. रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग ते सांगतील. त्यात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. पण बारकाईनं बघा. त्यात पर्याय नव्हते, कोरा कागद होता. प्रमाणपत्र नव्हतं. लिंक नव्हती. आणि आठवडाभर थांबायचं होतं! आपल्याला पाचपर्यंत संख्या कळवायचीय.

लिंक पाठवताना तेवढी काळजी घ्या. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतली संपादनाची लिंक चुकून ग्रुपवर टाकू नका, नाहीतर सबंध तालुका तुमच्याकडे प्रवेशाची परवानगी मागत बसतो. आणि संपादन सगळ्यांना खुलं ठेवलेलं असेल, तर कुणीतरी चौथ्या प्रश्नाच्या पर्यायांत वाढदिवसाच्या शुभेच्छा घालून जातो.

प्रतिसाद आले की संख्या टिपून घ्या आणि खिडकी बंद करा. तिथं सारांशाच्या पानावर ‘वारंवार चुकलेले प्रश्न’ असा एक भाग असतो. चुकूनही खाली सरकून तो बघू नका. बघितलात तर दिसेल की सातवा प्रश्न जवळजवळ सगळ्या वर्गाचा चुकलाय, आणि सगळ्यांनी एकच चुकीचं उत्तर निवडलंय. म्हणजे मुलांनी ढकलपंची केलेली नाही. त्यांना काहीतरी नीट, एकमतानं, चुकीचं समजलंय. मग ते पुन्हा शिकवावं लागणार. त्यासाठी एक मोकळा तास लागेल, आणि बुधवारी प्रशिक्षण आहे, गुरुवारी मतदार याद्या.

अहवालात ‘उपक्रमास विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ हे वाक्य टाका, ते कुठल्याही उपक्रमाला बसतं. सोबत दोन फोटो लागतात. ऑनलाइन प्रश्नमंजुषेचा फोटो कसा काढायचा, म्हणून काही शिक्षक अडून बसतात. सोपं आहे. मुलांना व्हरांड्यात रांगेनं बसवायचं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक मोबाईल द्यायचा. कमी पडले तर स्टाफरूममधले आणा, हेडसरांचाही मागा. एखादा बंद पडलेला असला तरी चालतो. फोटो समोरून घ्यायचा, म्हणजे स्क्रीन मुलांकडे राहते.