पॅरिस-रूबे: त्या फॉरवर्डमधलं काय खरं, काय फेकलेलं

एप्रिल आला, फ्रान्समधली पॅरिस-रूबे ही सायकल रेस जवळ आली, की तिच्यावरचा हा मेसेज फिरायला लागतो. यंदा माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला, त्यातला एक तर आमचाच सायकलवाल्यांचा, म्हणजे ज्यांना निदान थोडं तरी माहीत असायला हवं. पाठवणाऱ्या काकांवर राग नाहीये, त्यांनी आवडीने पाठवला, पण त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकलीये म्हणून बसलो लिहायला.

मेसेज थोडक्यात असा (इमोजी आणि 'दहा जणांना पाठवा' काढून): "पॅरिस-रूबे ही जगातली सर्वात जुनी सायकल रेस. पॅरिसहून सुटते. दगडी घाट इतके भयानक की रायडर सायकल हातात धरून चालतात, म्हणूनच नाव पडलं उत्तरेचा नरक. फ्रान्स सरकारने शंभर वर्षं हे रस्ते दुरुस्त केलेच नाहीत. जिंकणं म्हणजे निव्वळ नशीब. बक्षीस काय, तर एक दगड! आणि आजवर एकाही महिलेला परवानगी नाही." खाली फोटो, त्यात चिखलाने माखलेले रायडर उभ्या चढावर सायकल ढकलताहेत.

सगळ्यात जुनी? नाही. ही सुरू झाली १८९६ ला. त्याआधी लिएज-बास्तोन-लिएज १८९२ ला झाली होती, बोर्दो-पॅरिस १८९१ ला, मिलान-तोरिनो तर १८७६ ला, आणि पॅरिस-रूआँ १८६९ मध्येच झाली, जेम्स मूर जिंकला होता. जुनी आहे, सगळ्यात जुनी नाही, विषय संपला.

पॅरिसहून सुटते हे एकेकाळी खरं होतं. नावात पॅरिस आहे म्हणून लोक धरून चालतात, पण १९७७ पासून स्टार्ट काँपिएन्यला आहे, पॅरिसच्या उत्तरेला साधारण ८० किमीवर. तिथून पुढे शंभरेक किमी बऱ्यापैकी गुळगुळीत डांबर, मग त्र्वाव्हीलच्या आसपास पहिले दगड (म्हणजे दगड बसवलेला जुना रस्ता) लागतात, आणि तिथून बेल्जियमच्या बॉर्डरला खेटून असलेल्या रूबे गावापर्यंत दगड-डांबर-दगड-डांबर. एकूण अंतर २६० च्या आतबाहेर, त्यात दगडाचे साधारण ३० तुकडे, मिळून ५५ किमीच्या आसपास. तुकड्यांना नंबर उलटे असतात, सर्वात मोठा आधी आणि १ शेवटी, म्हणजे किती नरक बाकी आहे ते रायडरला कळत राहतं. किती अवघड त्यानुसार प्रत्येकाला एक ते पाच स्टार. पाच स्टारवाले तीन: आरेनबर्ग, माँस-आँ-पेव्हेल आणि कारफूर द लार्ब्र. फिनिश रूबेच्या उघड्या सिमेंटच्या व्हेलोड्रोमवर (सायकल शर्यतीचा गोल ट्रॅक), दीड फेरी मारून.

आता तो घाट. या रेसमध्ये घाट नाहीच! फ्रान्सचा हा भाग पोळपाटासारखा सपाट आहे, बीटची शेतं, जुन्या कोळसा खाणी आणि वारा. तो फोटो बहुतेक कोपेनबर्गचा आहे, म्हणजे बेल्जियममधल्या टूर ऑफ फ्लँडर्सचा, वेगळी रेस, साधारण आठवडाभर आधी होते. तिथे सगळ्यात उभ्या ठिकाणी २२ टक्के चढ आहे, ओला असला की मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि एक जण थांबला की मागचे सगळे उतरतात. १९८७ ला तिथे येस्पर स्किबी पडला आणि रेसच्या अधिकाऱ्यांची गाडी त्याच्या सायकलवरून गेली, लोक भडकले, मग तो चढ २००२ पर्यंत रेसमधून गायबच होता. मस्त किस्सा आहे, पण इथला नाही.

'उत्तरेचा नरक' हे नाव दगडांमुळे पडलं, ही चूक मात्र मला मनापासून खटकते, कारण खरी गोष्ट कितीतरी जड आहे. विचार करा, १८९६ ला दगडी रस्ता म्हणजे विशेष काय होतं? तेव्हा चांगला रस्ता म्हणजेच दगडी रस्ता, घोडागाड्या चिखलात रुतू नयेत म्हणून घातलेला. रूबे हे कापडगिरण्यांचं गाव, तिथल्या तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या दोन गिरणीवाल्यांनी नवीन व्हेलोड्रोम बांधला होता आणि त्याला गर्दी खेचायची होती, म्हणून त्यांनी पॅरिसच्या 'ल व्हेलो' या पेपरला गळ घातली की रेस ठेवा, फिनिश आमच्याकडे. रस्ता बघायला पेपरने व्हिक्तोर ब्रेये नावाचा माणूस पाठवला, आमियाँपर्यंत तो मोटारीतून आरामात गेला, पुढचं सायकलवर, पावसाने आणि चिखलाने त्याचे इतके हाल झाले की रेस रद्द करा अशी तार करायच्या बेतात होता, रात्री जेवण आणि झोप झाल्यावर त्याचा विचार बदलला. पहिली रेस जर्मनीच्या योसेफ फिशरने जिंकली, आणि तिसरा आला मोरिस गारँ, हाच पुढे १९०३ ला पहिली टूर द फ्रान्स जिंकला. या सगळ्यात नरक हा शब्द कुठेही नाही.

तो आला १९१९ ला. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, आणि ही रेस जिथून जायची त्याच पट्ट्यात चार वर्षं तोफा धडधडत होत्या. रेस पुन्हा घेता येईल का, मुळात रस्ता शिल्लक आहे का, हेच माहीत नव्हतं, म्हणून आयोजक आणि पत्रकार मोटारीने बघायला निघाले, सोबत रायडर यूजेन क्रिस्तोफ. आधी सगळं ठीक वाटलं. मग जसजसं उत्तरेला जावं तसतशी झाडं संपली, घरं संपली, नुसते खड्डे, चिखल, काटेरी तारा, मेलेल्या जनावरांची दुर्गंधी. 'लोतो' पेपरने त्या दृश्याला नरक म्हटलं. रस्त्याच्या दगडाला नाही, युद्धाने केलेल्या नासाडीला. आणि रेसने स्वतःची माणसंही गमावली होती: १९०९, १० आणि ११ असा लागोपाठ तीनदा जिंकलेला ओक्ताव्ह लापीझ पायलट होता, १९१७ ला हवाई लढाईत गेला, १९१३ चा विजेता फ्रान्स्वा फाबेर १९१५ लाच गेला. त्या १९१९ च्या रेसला आँरी पेलिसिए जिंकला, २८० किमीला सव्वाबारा तास, सरासरी ताशी २३ सुद्धा नाही, या रेसच्या इतिहासातली सर्वात संथ. त्यातही रेल्वे फाटकावर ट्रेन आडवी उभी होती तर हा पठ्ठ्या सायकल घेऊन डब्यात चढला आणि पलीकडच्या दाराने उतरला. (मुंबई लोकलवाल्यांना यात काही नवल वाटणार नाही.)

म्हणून सांगतो, नावाला विनोद समजून हसणाऱ्या इमोजीसकट पाठवू नका.

बरं, 'सरकारने शंभर वर्षं रस्ते दुरुस्त केले नाहीत'. हे अगदी उलटं आहे. दुरुस्त केले म्हणूनच तर रेस मरायला आली होती! दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये धडाधड डांबर पडायला लागलं, त्यात रेस टीव्हीवर दिसायला लागली आणि गावोगावच्या मेयर लोकांना लाज वाटू लागली, सगळ्या देशाला आपलं गाव मागासलेलं दिसतंय म्हणून. आपल्याकडे मंत्री येणार म्हटलं की एका रात्रीत डांबर पडतं ना, तसंच, फक्त तिथे मंत्र्याऐवजी रेस यायची. १९६५ पर्यंत दगड जेमतेम २२ किमी उरले. मग आयोजकांपैकी आल्बेर बुव्हेने शोधाशोध सुरू केली आणि त्याला वाट दाखवली जाँ स्टाब्लिन्स्कीने. हा १९६२ चा वर्ल्ड चॅम्पियन, पोलंडहून आलेल्या घरातला पोरगा, चौदाव्या वर्षी खाणीत उतरलेला. त्याने आरेनबर्गच्या जंगलातली ती सरळसोट दगडी वाट सुचवली, दोन किमीहून लांब, आणि १९६८ ला ती पहिल्यांदा रेसमध्ये आली. त्या वर्षी जिंकला एडी मेर्क्स. त्या जंगलाच्या खालूनही गेलेला आणि वरूनही गेलेला रायडर मी एकटाच, असं स्टाब्लिन्स्की सांगायचा, कारण खाली खाण होती आणि तो तिथे राबलेला. वाटेच्या तोंडाशी आता त्याचं स्मारक आहे.

म्हणजे दगड आपोआप टिकले नाहीत, टिकवले गेले, आणि अजूनही टिकवावे लागतात. 'लेझामी द पॅरिस-रूबे' म्हणजे रेसच्या मित्रांची एक संस्था आहे, हे लोक निखळलेले दगड काढतात, खाली भर घालतात, परत एकेक करून बसवतात, बागकामाचं शिकणारी पोरंही मदतीला असतात. हौशी लोक आठवण म्हणून दगड उचलून नेतात ती डोकेदुखी वेगळीच. आरेनबर्गमध्ये झाडांमुळे ऊन कमी, दगडांच्या फटीत गवत आणि शेवाळ वाढतं, ओलं झालं की बर्फासारखं घसरतं, तर अलीकडे ते खायला चक्क शेळ्या सोडल्या होत्या. सरकारच्या दुर्लक्षाची गोष्ट सांगणाऱ्यांनी या शेळ्यांना तरी विचारायचं.

नशिबाचा मुद्दा अर्धा खरा आहे, मान्य करतो. पंक्चर कधी होईल सांगता येत नाही, पुढचा पडला की तुम्हीही पडता. पण निव्वळ नशीब असतं तर रोजेर दे व्लामिंक चार वेळा कसा जिंकला (१९७२, ७४, ७५, ७७)? टॉम बोनेन चारदा? मोझेर १९७८ ते ८० लागोपाठ तीनदा, आणि मातियू व्हान डर पूल २०२३, २४, २५ तसाच तीनदा? इतका लकी माणूस असता तर त्याने सायकल कशाला चालवली असती, लॉटरी नसती काढली! दगडावर चालवायची विद्या वेगळी आहे. वेग कमी केला की जास्त आपटतं, म्हणून मोठा गियर लावून जोरात जायचं, हँडल घट्ट आवळायचं नाही, रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावर राहायचं की कडेच्या मातीत उतरायचं ते क्षणात ठरवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दगड सुरू व्हायच्या आधी पुढे असायचं, त्यासाठी प्रत्येक तुकड्याआधी फिनिश असल्यासारखी मारामारी होते. टायरही आता जाड, ३० मिमीच्या वरचे, हवा कमी.

१९९८ ला योहान म्युझेव आरेनबर्गमध्ये पडला, गुडघ्याची वाटी फुटली, जखमेत इन्फेक्शन होऊन पाय जातो की काय अशी वेळ आली. तोच २००० ला रूबेत पहिला आला आणि लाईन ओलांडताना पाय वर उचलून गुडघा दाखवला. मॅथ्यू हेमनचा हात २०१६ ला रेसच्या पाच-सहा आठवडे आधी मोडला, घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) सायकल मारत बसला, आणि आला तर थेट पाचव्या विजयासाठी आलेल्या बोनेनला स्प्रिंटमध्ये हरवलं. याला नशीब म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

बक्षीस: ट्रॉफी खरंच दगडाची आहे, त्यात थट्टेसारखं काही नाही, रायडर त्यासाठी जीव टाकतात. पण पैसेही मिळतात. पहिल्याच वर्षी विजेत्याला १००० फ्रँक होते, तेव्हा ती मोठी रक्कम होती. २०२१ चा विजेता सोनी कोलब्रेलीला ३०,००० युरो मिळाले.

आणि महिला! २०२० ला ठरलेली त्यांची पहिली रेस कोविडने गेली, पण २ ऑक्टोबर २०२१ ला झाली, देनँहून सुरू, ११६ किमी, लिझी डाइग्नन ८० किमी एकटी पुढे राहून जिंकली. हातमोजे न घालता चालवत होती, हँडलवर रक्ताचे डाग दिसत होते. बक्षीस १,५३५ युरो. म्हणजे पुरुषांच्या विसाव्या भागाएवढं, टीमने मग स्वतःहून भर घातली. मेसेजवाल्याला संतापायला खरा मुद्दा इथे होता, आणि नेमका तोच त्याने सोडला. त्यानंतर एलिसा लोंगो बोर्गिनी, अ‍ॅलिसन जॅक्सन, लॉते कोपेकी आणि २०२५ ला फ्रान्सचीच पोलीन फेराँ-प्रेव्हो जिंकली. फ्रान्सचा पुरुष शेवटचा जिंकला तो १९९७ ला.

तर काका, पुढच्या एप्रिलला पाठवायचाच असेल तर निदान फोटो बदला. आरेनबर्गचा टाका, शेळ्यांसकट मिळाला तर उत्तमच.