दोन हजारात विषमुक्त घर

हे सगळं डासांच्या कॉइलमुळे सुरू झालं. रात्री साडेअकराला मोबाईलवर वाचलं की एक कॉइल पूर्ण जळली की 75 ते 137 सिगरेटींइतके बारीक कण हवेत सोडते, 2003 सालचा अभ्यास, आणि त्या क्षणी माझ्या पलंगाखाली दोन कॉइल निवांत जळत होत्या, कारण आमच्या डोंबिवलीतले डास एका कॉइलला मोजतच नाहीत. मी आयुष्यात सिगरेट ओढलेली नाही. लग्न ठरवताना मामाने "मुलगा निर्व्यसनी आहे" असं छातीठोक सांगितलं होतं हो!

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी जाहीर केलं, घर विषमुक्त करायचं, बजेट दोन हजार. आई म्हणाली, "मग तू कुठे राहणार?"

बायको काही बोलली नाही. ती अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे माझ्या उद्योगांकडे ती प्रॅक्टिकलच्या तासाला बघावं तसं बघते, म्हणजे पोरगं हात भाजून घेत नाही ना एवढंच. मी व्हिनेगर आणि खायचा सोडा आणला, बेसिनमध्ये एकत्र ओतला, असा काही फेस आला की वाटलं झालं, निम्मं घर साफ. ती मागून म्हणाली, "आम्ल आणि आम्लारी एकमेकांना मारून मोकळे झाले. आता खाली काय उरलं? सोडियम ॲसिटेट आणि पाणी. म्हणजे तू शंभर रुपये घालून पाणी बनवलंस. पाणी नळाला येतं." दोन्ही वेगवेगळे वापरायचे असतात, म्हणे. आधी सांगायला काय झालं होतं?

मग वेगळं वापरू म्हणून लिंबू घेतलं आणि ओट्यावर चोळून अर्धा तास तसंच ठेवलं. आमचा ओटा कडप्प्याचा, आणि कडप्पा म्हणजे शेवटी चुनखडीचाच दगड, आंबट लागलं की तो विरघळतो, ही माहिती मला ओटा पुसल्यावर मिळाली. काळ्या कुळकुळीत ओट्यावर बरोब्बर लिंबाच्या फोडीएवढा पांढुरका डाग, जवळून बघितलं तर आतल्या पाकळ्यासुद्धा मोजता येतात. पॉलिशवाला अठराशे म्हणाला. त्यावर आता कायमचा पोळपाट ठेवलाय.

एकदाच बायको धावत आली. जुनी विषं टाकून द्यायची तर पैसे वाया जातात, म्हणून मी उरलेलं टॉयलेट क्लीनर आणि उरलेलं ब्लीच एकदमच संडासात ओतून संपवायला निघालो होतो. तिने बाटली हातातून हिसकावली. "ते ॲसिड आहे. ब्लीचमध्ये गेलं की क्लोरीन निघतो. 1915 साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडलेला तोच. आपला संडास चार बाय तीन आहे." मी तिथेच कमोडवर बसलो, झाकण लावून.

खरं सांगायचं तर जास्त करून ज्याला पैसे पडले नाहीत तेच चाललं. रूम फ्रेशनर आणणं बंद केलं, खिडकी उघडली, महिन्याचे दीडशे वाचले. कॉइलच्या जागी जाळी लावली, वेलक्रोवाली, खिडकीला चारशे (बजेटचा विषय तेव्हापासून घरात निघत नाही). डांबर गोळ्यांवरून मात्र महायुद्धच झालं. त्या हळूहळू हवेत उडतात आणि तेच आपण नाकाने घेतो, लहान मुलांना तर जास्त त्रास, असं आईला समजावलं, तर ती म्हणे, "मग पैठणीला कसर लागली की तू देणार का दुसरी?" शेवटी पातळ फडक्यात वेखंड आणि वाळवलेला कडुनिंबाचा पाला बांधून पुरचुंड्या केल्या. गोळ्या फेकल्या असं ती सांगते. तिच्या कपाटाला वास अजून तोच येतो, आता त्यात वेखंडही आहे.

रिठेही आणले होते. उकळून पाणी केलं, फेस येतो पण टिकत नाही, आणि भांडीवाल्या मावशी फेसावर माणूस ओळखतात. त्यांनी पातेल्यात डोकावून विचारलं, "दादा, साबण संपलाय का पगार?"

मग आलं बायो-एन्झाइम, म्हणजे फळांच्या साली आंबवून केलेलं साफसफाईचं पाणी. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, आणि नव्वद दिवस. कोपऱ्यावरचा ज्यूसवाला मोसंबीच्या साली फुकट देतो, उलट उचलून नेल्याबद्दल त्यानेच मला थँक्यू म्हटलं. दोन मोठ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या भरून गॅलरीत ठेवल्या, वर तारीख चिकटवली. पहिला महिना रोज झाकण सैल करून आतला गॅस सोडायचा असतो. मी रोज सोडत होतो, अगदी बाळाची ढेकर काढावी तसा. पण मध्ये चुलतभावाच्या लग्नाला सांगलीला चार दिवस गेलो, वर ऑक्टोबरचं ऊन. परत येऊन बघतो तर एका बाटलीचं बूड फुगून बाहेर आलेलं, ती उभीच राहीना, नुसती डोलत होती. आता शहाण्या माणसाने काय करावं? मी काय केलं, तर झाकण गर्रकन फिरवलं.

आवाज समोरच्या बिल्डिंगपर्यंत गेला. गूळ, साली, महिनाभर मुरलेलं आंबट पाणी, सगळं सरळ वर, आणि आमच्या वरच्या गॅलरीत काकांचे पांढरे लेंगे वाळत होते, तीन. काका खाली वाकून मोसंबीची एक साल हातात धरून म्हणाले, "ही तुमची का हो?"

बायकोने तेवढ्यात वहीत लिहिलं, कार्बन डायऑक्साइड.

दुसरी बाटली अजून आहे, उद्या नव्वद दिवस होतात. काकांचा तिच्यावर विश्वास नाही. रोज सकाळी बादली घेऊन गॅलरीत येतात, कठड्यावरून वाकून विचारतात, "उघडलं का आजचं?" मी हो म्हटलं की मगच लेंगे वाळत घालतात.