झाडं किंचाळतात म्हणणारा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका

आठ दिवस झाले नाशिकच्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय, की कापताना झाडं किंचाळतात हे इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, सोबतचा ऑडिओ ऐका आणि यापुढे छाटणी, खुडणी सगळं पाप समजा. आमच्या आईने तो वाचून तुळशीच्या मंजिऱ्या खुडायचं थांबवलं, म्हणून लिहायला बसलो.

संशोधन खरंच झालंय. तेल अवीव युनिव्हर्सिटीच्या लिलाख हदानी आणि त्यांच्या टीमने २०२३ मध्ये ते छापलं, मुख्यतः टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांजवळ माइक लावून.

आता ऑडिओ. मूळ आवाज साधारण ४० ते ८० किलोहर्ट्झचे, आपल्या कानाची हद्द २० ला संपते, म्हणून ते खाली आणलेत आणि बराच वेळ काही सेकंदांत कोंबलाय, त्यामुळे लाह्या फुटल्यासारखं तडतडतं आणि ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होतं. प्रत्यक्षात त्रासात असलेलं रोप तासाला फार तर ३०-५० वेळा टक करतं, म्हणजे मिनिटाला एखाद्या वेळी.

"कापल्यामुळे रडतात" हे तर मला सगळ्यात जास्त खटकलं. त्यांनी शेंडा खुडला नव्हता, जमिनीलगत खोडच कापलं होतं. तरी टोमॅटोत कापल्यावर तासाला २५ च्या आसपास आवाज आले आणि नुसतं पाणी तोडल्यावर ३५ (तंबाखूत उलटं, कापल्यावर जास्त). पाणी तोडल्यावर पाचव्या दिवसापर्यंत आवाज वाढले आणि मग रोप वाळत गेलं तसे कमी झाले, किंकाळी असती तर मरताना गप्प कशाला झालं असतं? सगळ्यात पटणारं कारण असं की खोडातल्या पाण्याच्या बारीक नळ्यांमध्ये ताण वाढतो, पाण्यात हवेचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना टक होतं. आपल्या दिंडोरी-निफाडकडे छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीच्या टोकाला थेंब लटकतात, त्याला लोक वेल रडतेय म्हणतात, पण ते मुळांनी खालून पाणी जोरात ढकलल्यामुळे होतं, म्हणजे तहानेच्या बरोब्बर उलटं.

दुखण्याचं म्हणाल तर झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत.

"झाडं एकमेकांना हाका मारतात" हेही मेसेजमध्ये आहे. त्याच गटाने नंतर दाखवलं की पतंगाची मादी हे आवाज ऐकून अंडी कुठे घालायची ते ठरवते. पण ती ऐकते म्हणून झाड तिला काही सांगत होतं असं होत नाही, मांजराला उंदराची खुडबुड ऐकू येते तसंच ते.

आणि खरी कामाची गोष्ट त्या मेसेजमध्ये नाहीच. पानं माना टाकायच्या आधीच हे आवाज सुरू होतात! गिरणारे भागात टोमॅटो लावणाऱ्याला दुपारी पानं लोंबलेली दिसतात तोवर रोपाने ताण घेतलेला असतो, उद्या माइकवरून तो आधी कळला तर ड्रिप वेळेत सुरू करता येईल. आईला एवढंच सांगितलं, मंजिऱ्या खुड, कुंडीतली माती मात्र रोज बोटाने चाचपून बघत जा.