कफ काढण्यालाही मर्यादा असावी

'जितक्या वेळा कफ काढाल तितके चांगले' हे छातीत साठणारा कफ काढण्याविषयीच्या तुमच्या लेखातील विधान मला अपुरे वाटते. माझ्या आईला ब्राँकिएक्टेसिस, म्हणजे श्वासनलिका कायमच्या सैलावून त्यांत कफ साठत राहण्याचा आजार, आहे. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. पहिल्या वर्षी आम्हीही तिला सगळा कफ निघेपर्यंत खोकायला लावत असू आणि ती इतकी थकून जाई की जेवणही नकोसे होई. सतत जोराने खोकल्याने आधीच कमकुवत झालेल्या श्वासनलिका दबतात व कफ आतच अडकतो, हे फिजिओथेरपिस्टनी नंतर समजावले. आता ती आधी श्वासनलिका रुंदावणारे औषध घेते, मग डॉक्टरांनी सांगितलेल्या ३ टक्के सलाइनची (मिठाच्या पाण्याची) नेब्युलायझर यंत्राने वाफ, आणि त्यानंतर शांत श्वास, तीन-चार खोल श्वास व चष्म्याच्या काचेवर वाफ धरतो तसा तोंड उघडे ठेवून जोराने सोडलेला श्वास, म्हणजे 'हफ', असे चक्र पंधरा-वीस मिनिटे करते. छाती मोकळी वाटली की थांबते. जेवणानंतर लगेच मात्र कधीच नाही. कफ वाढला की वेळाही वाढवाव्या लागतात, आणि बरे वाटते म्हणून हा व्यायाम सोडणेही घातकच, कारण साठलेल्या कफात जंतू वाढतात. थुंकीत रक्त दिसल्यास व्यायाम थांबवून तातडीने डॉक्टरांना विचारावे, ही सूचना लेखात यायलाच हवी होती.