‘निम्मं शहर भाड्यानं’ म्हणे, उलटं आहे ओ ते!

मंडळी, आपल्या कोल्हापुरात पेठेतल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय ना की आजोबांच्या काळात सगळ्यांची स्वतःची घरं होती आणि आता शहरातली निम्मी कुटुंबं भाड्यानं राहतात, ते साफ उलटं आहे. १९६१ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत ५४ टक्क्यांच्या आसपास कुटुंबं भाड्यानं राहायची, २०११ मध्ये ती २७.५ टक्क्यांवर आली आणि स्वतःच्या घरातली ६९ टक्के झाली. खेड्यात तर भाडेकरू जेमतेम ३ टक्के. २०२१ ची जनगणना लांबली म्हणून हे २०११ चेच आकडे धरायचे.

आता गोची ऐका, ‘स्वतःचं’ म्हणजे कर्जमुक्त नव्हे, पाचगावात फ्लॅट घेऊन बँकेचे हप्ते भरत बसलेला गडी पण जनगणनेत मालकच, आणि एकाच वाड्यात तीन भावांच्या तीन चुली असल्या तर ती तीन कुटुंबं, तिन्ही मालक, मग एकेकाला एकच खोली का असेना. शिवाय टक्का घटला तरी भाडेकरूंची संख्या वाढलीच, शहरंच लय फुगली. राजारामपुरीत भाडं परवडत नाही ही तक्रार खरीच आहे, त्यावर भांडा की, पण हा मेसेज पुढं ढकलू नका.