स्वच्छ पेट्रोलचं घोंगडं भिजत कसं ठेवावं

पेट्रोल स्वच्छ जळावं म्हणून सरकार नियम आणणार, अशी कुणकुण लागली की तेलधंद्यातल्या भल्याभल्यांची झोप उडते. तुमची उडायचं कारण नाही. या विद्येला शंभर वर्षांची परंपरा आहे आणि आद्यगुरूंनी मागे काही म्हणून शिल्लक ठेवलेलं नाही. पथ्य एकच. नियमाला ‘नको’ म्हणायचं नाही. ‘हवाच, पण आधी अभ्यास होऊ द्या’ म्हणायचं, आणि अभ्यासाचा खर्च स्वतः करायचा. ज्याचा खर्च, त्याचं कपाट. आणि ज्याचं कपाट, त्याची किल्ली.

आद्यगुरू म्हणजे थॉमस मिजली. डिसेंबर 1921 मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत त्यांना आढळलं की पेट्रोलमध्ये चिमूटभर टेट्राएथिल लेड (शिशाचं एक संयुग) मिसळलं की इंजिनाची ठोकठोक थांबते. अल्कोहोलनेही ती थांबत होती, पण अल्कोहोल कोणीही गाळतो, त्याचं पेटंट कसलं घेणार? शिसं विषारी असतं हे तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून विकताना नावातलं ‘लेड’ गुपचूप गाळलं आणि ‘एथिल’ तेवढं ठेवलं.

ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथे स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. अशा वेळी काय करावं? गुरूंनी पत्रकारांना बोलावलं, त्यांच्यासमोर त्या द्रवाने हात धुतले आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर वास घेतला. रोज असं केलं तरी मला काही होणार नाही, म्हणाले. आदल्याच वर्षी शिशाची बाधा झाली म्हणून ते फ्लोरिडात हवापालटाला जाऊन आले होते, हे मात्र सांगायचं राहून गेलं. (तुम्हाला हा प्रयोग जमणार नाही. असला अभिनय हल्ली कोणाला येतो? तुम्ही आपले डॉक्टर नेमा.)

डॉक्टरच नेमले गेले, आणि खरी कला तिथून सुरू होते. मे 1925 मध्ये वॉशिंग्टनला यावर परिषद भरली. उद्योगाच्या बाजूने फ्रँक हॉवर्ड यांनी या रसायनाला जवळजवळ देवाची देणगीच म्हटलं. पुढच्या वर्षी तज्ज्ञ समितीने निर्वाळा दिला की बंदी घालण्याइतकं सबळ कारण दिसत नाही, मात्र अभ्यास चालू ठेवावा. तो चालू राहिलाच! जवळपास चाळीस वर्षं या विषयावर शब्द चालायचा तो डॉ. रॉबर्ट केहो यांचा, आणि त्यांच्या संशोधनाला पैसा या उद्योगाचा. त्यांचं सूत्र पाठ करून ठेवा: धोका आहे हे आधी दाखवा, मग बघू. धोका दाखवायला लागणारी मोजमापं कोणाकडे? डॉक्टरांकडेच. यापेक्षा पक्कं कुलूप जगात बनलेलं नाही.

कधीकधी मात्र भलताच माणूस कुलपाशी येऊन उभा राहतो. क्लेअर पॅटरसन हे भूरसायनशास्त्रज्ञ, पृथ्वीचं वय मोजणारे. मोजताना जिकडेतिकडे शिसं आड येऊ लागलं, तेव्हा ते त्याच्याच मागे लागले. माणसाच्या अंगातलं शिसं ‘नेहमीचं’ असेल पण नैसर्गिक नाही, असं त्यांनी 1965 मध्ये मांडलं. अशा वेळी मुद्द्याला हात लावू नका. दगड मोजणाऱ्याला रक्तातलं काय कळतं, एवढंच विचारा. पुढे अमेरिकेत शिसंयुक्त पेट्रोलचा खप उतरू लागला, तसं 1976 ते 1980 या काळात लोकांच्या रक्तातलं शिसंही सरासरी 37 टक्क्यांनी उतरलं. असल्या आलेखापुढे गप्प बसावं. तोवर निम्मं शतक पदरात पडलेलं असतं.

शिसं गेलं म्हणून गाफील राहू नका. कॅलिफोर्नियाने 1996 मध्ये पेट्रोलचे आठ गुणधर्म नियमाने बांधून टाकले: गंधक, बेंझिन, बाष्पदाब वगैरे. लिटरमागे भाव वाढेल, गाडीचं अ‍ॅव्हरेज पडेल, जुनी इंजिनं बिघडतील, ही ओरड तुम्हाला शिकवायला नको. खरी धास्ती वेगळीच आहे. नव्या गाड्यांसाठी कितीही कडक नियम करा, जुन्या गाड्या मोडीत जाईपर्यंत वर्षं जातात. पेट्रोल बदललं की मात्र ज्या दिवशी ते टाकीत पडतं त्याच दिवशी जुन्यातली जुनी खटाराही कमी विष ओकू लागते. धुरकं एवढं कमी होईल की जणू 35 लाख गाड्या रस्त्यावरून हटल्या, असा हिशेब तिथल्या हवा मंडळाने मांडला होता. ही गोष्ट चारचौघांत बोलायची नाही. ‘आधी गाड्या सुधारा’ असं म्हणत राहायचं. गाडीवाले सांगतील की इंधनातल्या गंधकाने आमच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याचा, जीव जातो, आधी पेट्रोल सुधारा. सांगू द्या. तुमचं बोट त्यांच्याकडे, त्यांचं तुमच्याकडे; मधे हवा आहे, तिला कोण विचारतो?

आणि नशिबात असेल तर एमटीबीईसारखा प्रसाद मिळतो. पेट्रोलमध्ये ऑक्सिजन वाढवायला हे रसायन घातलं आणि ते पाण्यात उतरलं. 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला पिण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या, 1999 मध्ये गव्हर्नरांनी ते हद्दपार करायचा आदेश काढला. चूक खरीच होती, म्हणून तर ती सोन्याच्या मोलाची. आठांतला एक गुणधर्म साधायला घातलेलं एक रसायन नासलं, त्यावरून अख्खं स्वच्छ पेट्रोलच विषारी ठरवून टाका. ते जमिनीत मुरलं ते बऱ्याच अंशी पंपांखालच्या गळक्या टाक्यांमधून, आणि त्या टाक्या आपल्या, हे कोणी काढलं तर विषय बदला.

घरभेद्यांपासून मात्र जपा. 1989 मध्ये पेट्रोलऐवजी मेथॅनॉल या अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्यांची भाषा सुरू झाली, धंदाच हातचा जाईल असं वाटलं, आणि आर्को कंपनीने दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांसाठी कमी प्रदूषण करणारं पेट्रोल आपण होऊन विकायला काढलं. बाकीचे ‘अशक्य, अशक्य’ म्हणत असताना! असा एक निघाला की बाकीच्यांचं पितळ उघडं पडतं.

एवढं करूनही दार लागलंच, तर दुसरं शोधा. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसंयुक्त पेट्रोल 1996 मध्ये बंद झालं, पण जग मोठं आहे. हेच रसायन विकत राहता यावं म्हणून इंडोनेशिया आणि इराकमधल्या अधिकाऱ्यांना लाच चारल्याची कबुली इनोस्पेक कंपनीने 2010 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या न्यायालयांत दिली. पंपावरून शिसं शेवटी हटलं ते अल्जीरियात, जुलै 2021 मध्ये. मिजलींच्या शोधाला तेव्हा शंभरावं वर्ष चालू होतं.

आणि तेही फक्त गाड्यांपुरतं. पिस्टन इंजिनाची लहान विमानं अजूनही शिसंयुक्त पेट्रोलवर उडतात. त्याचाही अभ्यास चालू आहे.