२२० वजा वय ही लक्ष्मणरेषा नव्हे

टेकडीवर जाणाऱ्यांच्या, जिमच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप पुन्हा पुन्हा फिरतो. त्यात सांगितलेलं असतं ते असं: चाळिशी उलटली की २२० मधून आपलं वय वजा करा, व्यायामात नाडी त्या आकड्यावर गेली तर हृदय धोक्यात, माणसाला ठोके जन्मतःच मोजून मिळालेले असतात, ते उधळू नका, म्हणून पळणं आणि चढ चढणं सोडा, फक्त चाला, आणि घड्याळाने लाल आकडा दाखवला की असाल तिथे खाली बसा. निरोप पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते, याबद्दल शंका नाही. पण यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे, बाकीच्या चुकीच्या आहेत आणि शेवटचा सल्ला पाळला तर माणूस खरोखर कोसळू शकतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"२२० वजा वय ही हृदयाची मर्यादा आहे, ती ओलांडू नये."

हे सूत्र १९७१ साली फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या एका लेखातून रूढ झालं. हा आकडा शोधण्यासाठी त्यांनी वेगळा प्रयोग केलेला नव्हता. आधीच्या निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे एकत्र ठेवून त्यांमधून साधारण बसेल अशी रेघ त्यांनी ओढली. सोपं असल्यामुळे ते दवाखान्यात, जिममधल्या तक्त्यांवर आणि पुढे घड्याळांत जाऊन बसलं. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी साडेतीनशेच्या वर अभ्यास एकत्र तपासून दुसरं सूत्र दिलं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. बायकांसाठी २०१० मध्ये गुलाटी आणि सहकाऱ्यांनी २०६ वजा वयाच्या ०.८८ पट असं सूत्र मांडलं. पन्नाशीच्या बाईला पहिलं सूत्र १७० सांगतं, दुसरं १७३ आणि तिसरं १६२. तिन्ही आकडे एकाच बाईचे.

कोणतंही सूत्र घेतलं तरी ती सरासरीच. प्रत्यक्ष माणसं त्या सरासरीच्या आजूबाजूला १० ते १२ ठोक्यांच्या प्रमाणित विचलनाने पसरलेली असतात. म्हणजे पन्नाशीच्या लोकांपैकी साधारण दोन-तृतीयांश लोकांची खरी कमाल नाडी १६० ते १८० मध्ये असते आणि उरलेल्यांची त्याबाहेर. १५२ वाला निरोगी असू शकतो, १८८ वालाही. पन्नाशीच्या सगळ्या पुरुषांची सरासरी उंची काढायची, त्या एकाच मापाचा सदरा सगळ्यांना शिवायचा आणि ज्याच्या बाह्या अपुऱ्या पडतील त्याला आजारी ठरवायचं, असा हा प्रकार आहे.

मुळात 'कमाल' या शब्दाचा अर्थच निरोपात उलटा झालाय. कमाल नाडी म्हणजे ओलांडली तर काहीतरी फुटेल अशी रेषा नव्हे. जीव तोडून जोर लावला तरी ज्याच्या पुढे नाडी जातच नाही, तो आकडा म्हणजे कमाल. हृदयाच्या उजव्या कप्प्यात सायनस नोड नावाची पेशींची छोटीशी गाठ असते, ठोक्याचा इशारा तिथून निघतो. वयाबरोबर तिचा मूळ वेग कमी होतो आणि ॲड्रेनलिनला ती पूर्वीइतका प्रतिसाद देत नाही. म्हणून ही कमाल दर वर्षी साधारण पाऊण ठोक्याने खाली येते. तेव्हा आतकरवाडीहून सिंहगड चढताना पुणे दरवाजाच्या अलीकडच्या खड्या टप्प्यात पन्नाशीच्या माणसाची नाडी १८२ झाली, ती हळूहळू चढत तिथवर गेली आणि थांबल्यावर उतरली, तर बहुधा एवढाच अर्थ निघतो: त्याची कमाल १७० कधीच नव्हती.

टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून केलेली ईसीजी चाचणी, आठवून पाहा. ब्रूस पद्धतीत दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतात: सुरुवातीला ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, मग ४ किलोमीटर आणि १२ टक्के, मग साडेपाच आणि १४. नाडी या सूत्राच्या किमान ८५ टक्क्यांपर्यंत मुद्दाम नेतात. केवळ १०० टक्के झाले म्हणून पट्टा थांबवायचा, असा नियम नाही. ईसीजीतली रेषा, रक्तदाब आणि माणसाला होणारा त्रास पाहून थांबवतात.

सूत्राचा खालच्या बाजूने होणारा त्रास फारसा कुणी बोलत नाही. ज्याची खरी कमाल १५२ आहे, त्याला तक्ता "८५ टक्के म्हणजे १४५ वर राहा" असं सांगतो. तो बिचारा स्वतःच्या ९५ टक्क्यांवर अर्धा तास धापा टाकत राहतो आणि आपला स्टॅमिनाच नाही असं समजून महिन्याभरात व्यायाम सोडतो. अशांसाठी बोलून पाहण्याची कसोटी जास्त भरवशाची. चालताना सलग बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम जोर. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, हा जोराचा व्यायाम. बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारखी गोळी चालू असलेल्यांनी तर हीच कसोटी वापरावी. त्या गोळ्या नाडीला वर जाऊच देत नाहीत, त्यामुळे कोणतंही सूत्र त्यांना लागू पडत नाही. आकडा वाढावा म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, कारण ती अचानक सोडण्यात वेगळाच धोका आहे.

"ठोके मोजून दिलेले असतात."

उंदराचं हृदय फार वेगात चालतं आणि तो थोडंच जगतो, हत्तीचं सावकाश चालतं आणि तो पुष्कळ जगतो; या तुलनेतून ही समजूत आली. ती प्राण्यांच्या निरनिराळ्या जातींमधली तुलना आहे, एका माणसाच्या हिशेबाला उपयोगी नाही. आणि हिशेबच करायचा तर पुरा करावा. समजा, विश्रांतीची नाडी ७२ आहे आणि आठवड्यातून ३ तास १४२ च्या नाडीने व्यायाम केला. जास्तीचे ठोके झाले १२,६००. काही महिन्यांच्या नियमित व्यायामाने विश्रांतीची नाडी ७२ वरून ६४ वर आली, तर उरलेल्या १६५ तासांत वाचले ७९,२००.

"चाळिशीनंतर पळणं, चढणं सोडा. फक्त चाला."

अर्धं खरं आहे ते इथे, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

जोराचा व्यायाम चालू असताना आणि त्यानंतरच्या तासाभरात हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता वाढते, हे खरं आहे. पण ती कुणाची आणि किती वाढते? अमेरिकेत मिटलमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे मोजलं. आठवड्यातून एकदाही जोराचे कष्ट न करणाऱ्यांमध्ये ती त्या तासापुरती १०७ पट झाली. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा करणाऱ्यांमध्ये २.४ पट. कुठल्याही एका तासात झटका येण्याची मूळ शक्यता अगदी नगण्य असते, त्यामुळे १०७ हा आकडा वाचून घाबरू नये. पण या दोन आकड्यांमधलं अंतर नीट पाहावं. सहा दिवस खुर्चीत बसून सातव्या दिवशी मित्रांच्या पैजेवर सिंहगड गाठणं जोखमीचं, आणि ही जोखीम नियमित व्यायामानेच कमी होते. निरोप नेमका तोच सोडायला सांगतो.

झटका येतो तो हृदय 'थकल्यामुळे' येत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत चरबीचा थर साचलेला असतो, तो तडकतो, त्यावर गुठळी होते आणि रक्त अडतं. थर वर्षानुवर्षं साचतो: तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आनुवंशिकता. आपल्याकडे तो लवकर साचतो. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी आला होता, इतर ठिकाणी ५९ च्या सुमारास. म्हणून चाळिशीत जोराचा व्यायाम नव्याने सुरू करणाऱ्याला मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा तंबाखूची सवय असेल, अथवा वडील-भावाला ५५ च्या आत किंवा आई-बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर त्याने आधी डॉक्टरांना भेटावं. ईसीजी, टू-डी एको, टीएमटी यांतलं काय लागेल ते ते ठरवतील. आणि टीएमटी नॉर्मल आली म्हणून ती फाईल ढाल समजू नये. रक्त अडेल इतका मोठा थर असेल तर ती बहुधा दाखवते. न अडवणारा लहान थर तिला दिसत नाही, आणि तडकणारा थर पुष्कळदा असा लहानच असतो.

मग चढायचं कसं? पायरीपायरीने. पहिले सहा ते आठ आठवडे आठवड्यातून पाच दिवस ३०-४० मिनिटं भरभर चालणं, तळजाईवर किंवा हनुमान टेकडीवर. त्यानंतर आठवड्यातला एकच दिवस जोराचा: १० मिनिटं सपाटीवर चालून अंग गरम करायचं, मग १ मिनिट पर्वतीच्या पायऱ्या भरभर चढायच्या, २ मिनिटं सावकाश उतरायचं, अशा ४ फेऱ्या. दोन-तीन आठवड्यांनी एक-एक फेरी वाढवत ८ पर्यंत न्यायची. तीन महिन्यांनी, मधे काही त्रास झाला नसेल तर, ४ मिनिटं चढ आणि ३ मिनिटं सावकाश चाल अशा ४ फेऱ्या. चौथ्या मिनिटाला बोलणं तुटक व्हावं, पण आणखी अर्धं मिनिट जमलं असतं असं वाटावं. याच ४-४ मिनिटांच्या पद्धतीने नॉर्वेतल्या विस्लॉफ आणि सहकाऱ्यांनी झटका येऊन हृदय दुबळं झालेल्या, सरासरी पंचाहत्तरीच्या रुग्णांना देखरेखीखाली त्यांच्या स्वतःच्या कमाल नाडीच्या ९०-९५ टक्क्यांपर्यंत नेलं, आणि त्यांचा दम मध्यम चालणाऱ्या गटापेक्षा जास्त सुधारला. २००७ सालचा हा अभ्यास लहान होता, २७ जणांचा. पण चाळिशीनंतर नाडी वर जाणंच वाईट, या म्हणण्याला तो पुरेसं उत्तर आहे.

"घड्याळ लाल झालं म्हणजे धोका."

मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश कातडीत सोडतं आणि परतणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारांवरून ठोके मोजतं. पट्टा सैल असला की हात हलल्याची लयच त्याला ठोका वाटते. पळताना मिनिटाला १६५-१७० पावलं पडतात आणि घड्याळ नाडीही १६८ दाखवतं. वेग कमी केला, धाप बसली, तरी आकडा १६० च्या पुढेच चिकटून राहिला, तर आधी हीच शंका घ्यावी. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घाम आला तरी न सरकेल इतका घट्ट पट्टा बांधावा. छातीचा पट्टा जास्त अचूक असतो, पण तो कोरडा लावला तर घाम येईपर्यंत, पहिली पाच-दहा मिनिटं, तोही २०० च्या वरचे वेडेवाकडे आकडे देतो. लावण्याआधी त्याच्या पट्ट्या पाण्याने ओल्या कराव्यात.

शंका आली की बोटांनी मोजा. अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दोन बोटं ठेवायची, १५ सेकंद मोजायचं, चौपट करायचं. बोटांना आणखी एक गोष्ट कळते, जी घड्याळाच्या आकड्यात दिसत नाही: ठोके एका लयीत आहेत की अडखळत, पुढेमागे पडताहेत.

आकडा खरा असूनही नेहमीपेक्षा १०-१५ ने जास्त येऊ शकतो. एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर वेताळ टेकडी चढा. त्याच वेगाला नाडी वर राहील, कारण रक्ताचा काही भाग अंग थंड करण्यासाठी कातडीकडे वळतो आणि घामाने रक्तातलं पाणीही कमी होतं. अपुरी झोप, आदल्या रात्रीची दारू, अंगात मुरलेला ताप यांनीही तेच होतं. पण थंड सकाळी, नेहमीच्याच चढाला, आठवडेच्या आठवडे नाडी जास्त राहत असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत ज्यांना अंगावरून जास्त जातं त्या बायकांनी तर नक्कीच. दमाचं खापर वयावर फोडलं जातं आणि रक्त कमी असल्याचं राहून जातं.

काळजीची नाडी वेगळी ओळखू येते. चढाची नाडी मिनिटा-मिनिटाने वर जाते. १२५ वर असलेली नाडी दोन-तीन ठोक्यांत १९५ झाली, जणू कुणी बटण दाबलं, आणि थांबल्यावरही तशीच राहून मग एकदम खाली आली, तर तो हृदयाच्या विद्युतप्रवाहातला बिघाड असू शकतो. लय साफ बिघडलेली असेल तरी तेच. छातीत आवळणं, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ, चढताना घेरी किंवा शुद्ध हरपणं, जो चढ मागच्या महिन्यात सहज जमत होता त्याला आज अवास्तव धाप: यातलं काहीही झालं तर नाडी १३० का असेना, व्यायाम बंद आणि डॉक्टर गाठायचे.

"आकडा वाढला की तिथेच खाली बसा."

जोरात चढताना पायांचे स्नायू आवळून रक्त वर हृदयाकडे ढकलत असतात. एकदम थांबलं की हे ढकलणं बंद होतं, पायांतल्या नसा मात्र अजून फुललेल्या असतात. रक्त खाली साठतं, रक्तदाब पडतो आणि माणूस डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळतो, तेही पायरीवर किंवा खडकावर. म्हणून नुसती नाडी चढली असेल, दुसरा काही त्रास नसेल, तर वेग कमी करून ५ ते १० मिनिटं सावकाश चालत राहायचं. पहिल्या मिनिटात नाडी किती उतरली तेही पाहावं. १७० वरून सावकाश चालत मिनिटभरात १४५ झाली तर उत्तम. दर वेळी १२ किंवा त्याहून कमीच उतरत असेल तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे, आणि सर्वोच्च आकड्यापेक्षा ही उतरण त्यांना जास्त उपयोगी पडते.

घेरी आलीच तर आडवं होऊन पाय वर. छातीत आवळत असेल तर मात्र बसायचं, खाली उतरण्याचा प्रयत्न करायचा नाही, सोबतच्याने लगेच १०८ ला फोन करायचा आणि कोणत्या वाटेवर, कोणत्या टप्प्याला आहोत ते सांगायचं. माणूस शुद्धीवर नसेल आणि श्वास नीट घेत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं, मदत येईपर्यंत. दाबणारा माणूस दोन-दोन मिनिटांनी बदलावा. त्यापुढे दाब उथळ होत जातो.